धरणारी साखळी, दूर ठेवणारी साखळी

पॉलिमरची लांब साखळी पाण्यातून घन पृष्ठभागावर येऊन बसते तेव्हा ती अख्खी बसत नाही. तिचे काही दुवे पृष्ठभागाला टेकतात, काही दोन टेकूंच्या मध्ये कमानीसारखे वर राहतात आणि टोके बहुधा पाण्यात मोकळी लोंबतात. टेकलेल्या सलग भागाला ओळ, उचललेल्या भागाला कमान आणि मोकळ्या टोकाला शेपूट म्हणू. हे चित्र १९५१ मध्ये येंकेल आणि रुम्बाख या जर्मन संशोधकांच्या मोजणीतून पुढे आले. साखळ्या पृष्ठभागावर सपाट पडत असत्या तर जितक्या मावल्या असत्या, त्याहून कितीतरी जास्त पॉलिमर पृष्ठभागावर जमलेले दिसत होते. जास्तीचे पॉलिमर मावायला कमानी लागतात.

या क्रियेचे शास्त्रीय नाव अधिशोषण. स्पंजात पाणी मुरते ते शोषण. पदार्थ नुसता पृष्ठभागावर साठून राहतो ते अधिशोषण. पालघर जिल्ह्यात त्याची दोन अगदी वेगळी रूपे सापडतात. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर कुडाची भिंत शेण-मातीने सारवतात, तिला गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाने वारली चित्र काढतात. पिठात डिंक कालवला की रेघ भिंत धरून राहते. तिकडे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड प्रक्रिया, रंग आणि औषधांच्या कारखान्यांचे गढूळ सांडपाणी निवळायला रोज पॉलिॲक्रिलामाइड लागते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, म्हणजे ईटीपीवर, त्याला सगळे नुसते ‘पॉली’ म्हणतात. डिंकाचा रेणू फांद्या फुटलेला असतो आणि पॉलीचा दोरीसारखा लांब, तरी पृष्ठभागाशी दोघांचा व्यवहार एकाच नियमाने चालतो.

साखळी चिकटते याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिची शेवटची बैठक कोण ठरवते याचा. एक बाजू म्हणते, ऊर्जा आणि एन्ट्रॉपीचा हिशेब मांडला की साखळी कशी बसेल ते सांगता येते. दुसरी बाजू म्हणते, साखळी कधी आली, आधी कोण बसले होते आणि पाणी किती ढवळले, यावर सारे अवलंबून आहे. इथे पहिली बाजू पालघरच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या तोंडी आहे. दुसरी त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीच्या तोंडी आहे. ती बोईसरला एका कारखान्याच्या ईटीपीची केमिस्ट आहे.

“आधी तोटा मोजू,” प्राध्यापक म्हणतात. “पाण्यात मोकळी असलेली साखळी क्षणाक्षणाला आकार बदलत असते. असे अगणित आकार तिला उपलब्ध असतात. पृष्ठभागाला टेकली की त्यातले बरेचसे आकार हातचे जातात. ही एन्ट्रॉपीची किंमत. प्रत्येक दुव्याला चिकटण्यातून मिळणारी ऊर्जा या किमतीपेक्षा जास्त असली तरच साखळी बसेल, नाहीतर पृष्ठभागाच्या जवळसुद्धा थांबणार नाही.”

ही किमान ऊर्जा फार मोठी नसते. रेणूंच्या उष्णतेच्या हालचालीचे एकक केटी धरले, तर दर दुव्याला केटीच्या दोन-तीन दशांशांइतकी ऊर्जा पुरते. उंबरठा मात्र तीक्ष्ण आहे. त्याच्या खाली जवळजवळ काहीच चिकटत नाही, आणि जरासे वर गेले की साखळ्या भराभर येऊन बसतात. सिलिकावर पॉलिइथिलीन ऑक्साइड आम्लधर्मी पाण्यात छान बसते. तेच पाणी तीव्र अल्कधर्मी केले की सिलिकाच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट आयनरूप होतात, धरायला हात उरत नाही आणि साखळी सुटून येते. केवळ पीएच बदलून इतका फरक पडतो.

“मग एकदा बसलेली साखळी साध्या पाण्याने धुऊन का जात नाही, सर? ईटीपीच्या टाकीला लागलेला पॉलीचा बुळबुळीत थर पाइपने कितीही पाणी मारलं तरी हलत नाही.”

“कारण ती एका हाताने धरून बसलेली नसते. तीनशे दुवे टेकले आहेत आणि दर दुव्यामागे अर्धा केटी मिळाला आहे असं धर. एकूण दीडशे केटी. तीनशेच्या तीनशे दुवे एकाच क्षणी सुटण्याची शक्यता एकावर पासष्ट शून्यं, त्या संख्येत एक. एकेक दुवा सतत सुटत असतो आणि परत बसत असतो, पण सगळे एकदम कधी सुटत नाहीत.”

पाठ्यपुस्तकाने इथे विद्यार्थ्यांची वाट चुकवली आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे. पदवीच्या वर्गात अधिशोषण म्हटले की लँगम्यूरचे १९१८ चे समीकरण शिकवतात. त्यात एक रेणू एक जागा व्यापतो, मोकळेपणाने येतो आणि जातो. द्रावण पातळ केले की पृष्ठभागावरचे रेणूही कमी होतात. वायूंच्या लहान रेणूंसाठी ते उत्तम आहे. पॉलिमरचा आलेख याहून वेगळा दिसतो. द्रावणात पॉलिमरचा अंश नावापुरता असला तरी पृष्ठभाग जवळजवळ भरून जातो, आलेख उभा चढतो आणि मग सपाट होतो. सपाट झाल्यावर चौरस मीटरला साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास पॉलिमर बसलेले असते. नंतर द्रावण कितीही पातळ करा, आलेख आल्या वाटेने खाली उतरत नाही. कारखान्यात रुजू झालेला नवा केमिस्ट लँगम्यूर डोक्यात ठेवून येतो आणि पॉली जास्त पडली तर पाणी वाढवून ती धुऊन काढता येईल असे समजतो.

प्राध्यापकांच्या बाजूचे सर्वात भक्कम काम नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनचे आहे. शॉयत्येन्स आणि फ्लेअर यांनी १९७९-८० मध्ये साखळीच्या सगळ्या संभाव्य बैठका मोजण्याची पद्धत बसवली. पृष्ठभागापासून एकेक थर मोजत जायचे आणि प्रत्येक थरात किती दुवे असतील ते काढायचे. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट हाती आली. शेपटांमध्ये दुवे थोडे असले तरी पृष्ठभागापासून दूरच्या भागात शेपटांचेच राज्य असते. दोन कण एकमेकांजवळ येतात तेव्हा प्रथम भेटतात ती शेपटे. १९८१ मध्ये फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांनी याच थराचे आणखी सोपे वर्णन दिले. पृष्ठभागापासूनचे अंतर वाढते तसे पॉलिमरचे प्रमाण एका ठरावीक घाताने उतरते आणि थर जवळून बघा की लांबून, त्याची घडण सारखीच दिसते. द जेन यांना १९९१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

“हे सगळं समतोलात पोचलेल्या थराचं वर्णन आहे,” केमिस्ट म्हणते. “माझ्या टाकीत समतोल येईपर्यंत पाणी पुढच्या टाकीत गेलेलं असतं.”

तिचा मुद्दा कळण्यासाठी जार टेस्ट जवळून पाहायला हवी. टेबलावर लिटर-लिटरचे सहा बीकर ओळीत, प्रत्येकात ढवळणारे पाते. सहाही बीकरमध्ये तेच सांडपाणी: करडे, किंचित जांभळे, बीकरच्या पलीकडे धरलेले बोट दिसणार नाही असे. आधी ॲलम पडते आणि चुन्याने पीएच सातच्या जवळ आणतात. मिनिटभर जोरात ढवळल्यावर पाण्यात धुक्यासारखी बारीक कणी दिसू लागते. मग सिरिंजने पॉली. पहिल्या बीकरला अर्धा मिलिग्रॅम, पुढे एक, दोन, तीन, पाच, आणि शेवटच्याला दहा. पाते मिनिटाला वीस-तीस फेऱ्यांवर आणले की तिसऱ्या-चौथ्या बीकरमध्ये डोळ्यादेखत बदल होतो. धुके गोळा होते, मोहरीएवढ्या आणि मग साबुदाण्याएवढ्या गुठळ्या होतात, आणि मधले पाणी आरपार दिसू लागते. पाते थांबवल्यावर गुठळ्या संथपणे तळाशी जातात. शेवटच्या बीकरमध्ये मात्र सर्वात जास्त पॉली असूनही पाणी पुन्हा गढूळ. कणी तरंगत राहते आणि काचकांडी बाहेर काढली की चिकट तार येते.

शेवटच्या बीकरचे कोडे १९६३ मध्ये ला मेर आणि हीली यांनी सोडवले. गुठळी होण्यासाठी एका कणावरच्या कमानीला किंवा शेपटाला दुसऱ्या कणावर उघडी जागा सापडावी लागते. तिथे ती टेकली की दोन कणांमध्ये पूल बांधला जातो. म्हणजे पूल होण्याची शक्यता पृष्ठभागाचा झाकलेला भाग गुणिले उघडा भाग या गुणाकारावर ठरते. निम्मा पृष्ठभाग झाकलेला असेल तर गुणाकार ०.२५ येतो, आणि तोच सर्वात मोठा. नऊ दशांश झाकला गेला तर ०.०९. पूर्ण झाकला गेला तर शून्य. प्रत्यक्षात सर्वोत्तम डोस बहुधा निम्म्याहूनही कमी झाकणीला मिळतो, पण दिशा हीच.

पूर्ण झाकलेले कण नुसते पूल बांधायचे थांबत नाहीत, ते एकमेकांना दूर सारतात. दोघांवर साखळ्यांची दाट लव असते. ते जवळ आले की लव लवेत घुसते, आकार बदलायला जागा राहत नाही आणि एन्ट्रॉपी त्यांना मागे ढकलते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या बारीक कणांच्या लाल द्रावणात जिलेटिन घातले. एरवी मीठ पडताच ते निळे पडून खाली बसायचे. जिलेटिनमुळे लालच राहिले. काजळी आणि डिंकाची शाईही याच कारणाने वर्षानुवर्षे बसत नाही. डिंकाने काजळीचा प्रत्येक कण वेगळा धरून ठेवलेला असतो. पॉलीच्या पहिल्या दोन मिलिग्रॅमने कण एकत्र आणले आणि दहाव्याने वेगळे केले. रेणू तोच होता, फक्त कणांवर उघडी जागा उरली नाही.

“म्हणजे हाही हिशेबच झाला,” प्राध्यापक म्हणतात. “झाकलेलं किती, उघडं किती. तुझा काळ यात कुठे आला?”

“झाकायला किती वेळ लागतो तिथे आला, सर. आम्ही वापरतो त्या पॉलीचा रेणुभार एक कोटीच्या घरात असतो. ॲक्रिलामाइडचा एक दुवा एकाहत्तरचा. म्हणजे एका साखळीत एक लाख चाळीस हजार दुवे. एक दुवा पाव नॅनोमीटरचा धरला तर साखळी ताणून पस्तीस मायक्रोमीटर भरते, केसाच्या निम्म्या जाडीइतकी. पाण्यात ती गुंडाळून काही शे नॅनोमीटरचा गोळा होते. हा गोळा कणावर पहिल्यांदा टेकतो तेव्हा एखाददुसऱ्या जागी टेकतो, बाकी सगळा बाहेर. मग हळूहळू पसरतो, आणखी दुवे टेकतात, शेवटी चपटा होतो. चपट्या झालेल्या साखळीला पूल बांधायला बाहेर काही उरत नाही. माझं काम ती चपटी होण्याआधी व्हायला लागतं.”

या म्हणण्याला प्रयोगांचा आधार आहे, आणि तो वागेनिंगेनच्याच गटाने दिला आहे. समतोलाचा सिद्धांत बसवणाऱ्या प्रयोगशाळेने १९८९ मध्ये फार लांब साखळ्यांच्या गुठळ्या होण्याचा अभ्यास केला. पसरून चपटे व्हायला लांब साखळीला काही सेकंद पुरतात. कण दाट असतील तर तेवढ्यात दुसरा कण येऊन धडकतो आणि पूल होतो. कण विरळ असतील तर धडक होईपर्यंत साखळी आडवी झालेली असते. म्हणूनच फार गढूळ सांडपाणी पॉलीने चटकन निवळते आणि जेमतेम गढूळ पाणी दाद देत नाही. तिथे आधीचा गाळ परत फिरवून कणांची गर्दी वाढवावी लागते. ईटीपीवरची ही जुनी युक्ती आहे. ती करणाऱ्या ऑपरेटरला कारण कोणी सांगितलेले नसते, आणि ते सांगायला हवे.

अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅनिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच पृष्ठभागावर बसलेल्या, एकाच लांबीच्या साखळ्याही सारख्या बसलेल्या नसतात. आधी आलेल्यांना मोकळी जागा मिळते, त्या पसरून अनेक दुवे टेकवतात. उशिरा आलेल्यांना उरल्यासुरल्या फटीत मोजके दुवे टेकवून उभे राहावे लागते. डहाणू लोकलचा प्रवासी हे लगेच ओळखेल. डहाणूला चढणारा ऐसपैस बसतो, बोईसर-पालघरला चढणारा सरकून जागा करून घेतो आणि विरारनंतरचा एका पायावर उभा असतो. चर्चगेट येईपर्यंत हे बदलत नाही. गाडीत एकूण किती माणसे आहेत एवढे मोजले तर हा फरक कळत नाही, तसा एकूण किती पॉलिमर बसले एवढे मोजून थराची घडण कळत नाही.

“तुझी लोकल मला मान्य आहे,” प्राध्यापक म्हणतात, “पण लोकलमध्येही जागा बदलते. कमी लांबीच्या साखळ्या पाण्यात चपळ, त्या आधी पोचतात. लांब साखळ्या मागून येतात आणि हळूहळू त्यांना उठवून स्वतः बसतात. कारण लांब साखळी बसली की पाण्यात अनेक लहान साखळ्या मोकळ्या होतात, एकूण एन्ट्रॉपी वाढते. तास लागो, दिवस लागो, हिशेब वसूल होतोच.”

“माझ्या टाकीत पाणी वीस मिनिटं असतं, सर.”

“बरं. मग मला सांग, कॅटायनिक पॉली घ्यायची की ॲनायनिक, हे तू वेळ मोजून ठरवतेस का?”

इथे प्राध्यापकांची बाजू वरचढ आहे. कॅटायनिक म्हणजे धनभारित, ॲनायनिक म्हणजे ऋणभारित. निवड विद्युतभाराने ठरते, आणि भार हा समतोलाच्या हिशेबाचा भाग आहे. सांडपाण्यातले बहुतेक कण ऋणभारित असतात. ॲलम किंवा फेरिक क्षार त्यांचा भार उतरवतात. मग ॲनायनिक पॉली चालते, कारण ॲलमपासून झालेल्या हायड्रॉक्साइडच्या कणीवर तिला धरायला जागा असते. शिवाय पाण्यातले मीठ कणांभोवतीचे विद्युतकवच आकसवते. मऊ गोड्या पाण्यात हे कवच सुमारे दहा नॅनोमीटर जाड असते. लिटरला सहा ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात एक नॅनोमीटर उरते. कवच पातळ झाले की कण जवळ येतात आणि आखूड शेपूटही पलीकडे पोचते. हेच मीठ साखळीवरच्या भारांना एकमेकांपासून झाकते, साखळी आखडते आणि तिचा पल्ला कमी होतो. रंगाच्या कारखान्याचे पाणी बहुधा खारट असते. त्यासाठी निवडायच्या पॉलीत भार किती हवा हे पाणी तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

दाट धनभाराच्या आखूड साखळ्यांचे तर सगळेच निराळे. त्या ऋणभारित कणावर पडल्या की क्षणात सपाट होतात, ना कमान ना शेपूट. तरीही कण गोळा होतात. जॉन ग्रेगरी यांनी १९७३ मध्ये याचे कारण मांडले. साखळी जिथे आडवी पडते तिथे धनभाराचा ठिपका तयार होतो, आजूबाजूला कणाचा ऋणभार तसाच राहतो. एका कणाचा धन ठिपका दुसऱ्याच्या ऋण भागाला भिडतो. या प्रकारात चपटे होणे हेच उपयोगाचे आहे. केमिस्टने मांडलेली घाई फक्त लांब, पूल बांधणाऱ्या साखळ्यांना लागू पडते, हे तिनेही मान्य करायला हवे.

“मान्य,” ती म्हणते. “पण ठिपक्याची गुठळी नाजूक असते. फिल्टर प्रेसला नेईपर्यंत फुटते. पुलाची गुठळी मोठी आणि चिवट. मात्र ती एकदा फुटली तर पुन्हा तशी बांधली जात नाही, कारण तुटलेल्या साखळ्या तोवर आडव्या होतात. ऑपरेटर घाईत पाते जोरात सोडतो, गुठळ्या फुटतात आणि मग तो आणखी पॉली ओततो. पाणी अजून गढूळ होतं.”

पॉली तयार करण्यातही साखळीची लांबी सांभाळावी लागते. पूड पाण्यात सोडताना हजार लिटरला एक किलो असे पातळ द्रावण करतात. पूड एकदम ओतली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरडे गोळे होतात आणि ते पंपाची चाळणी तुंबवतात. भुरभुरत सोडली आणि तासभर संथ ढवळली तर साखळ्या पूर्ण उलगडतात. हे द्रावण वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंपातून नेले तर साखळ्या तुटतात, म्हणून स्क्रू पंप वापरतात. पस्तीस मायक्रोमीटरची साखळी तुटून आठ मायक्रोमीटरची झाली तर पैसे लांब साखळीचे पडतात आणि काम आखूड साखळीचे होते.

सांडपाण्यातल्या कणांवर आधीपासून कोण बसले आहे, हा प्रश्न तारापूरसारख्या वसाहतीत सर्वात कठीण. मागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून भिवंडी-इचलकरंजीकडे त्याला खळ देतात, म्हणजे स्टार्च किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा हात देतात. स्टार्च कापसाच्या धाग्याला जवळच्या नात्याने धरते, कारण दोघांच्याही साखळ्या ग्लुकोजच्या दुव्यांच्या. कापड रंगवण्याआधी ही खळ काढावी लागते आणि ती पाण्यात उतरते. डिस्पर्स रंगांची गोष्टही अशीच. हे रंग पाण्यात विरघळत नाहीत. त्यांची बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहावी म्हणून कारखानदार मुद्दाम लिग्नोसल्फोनेटसारखी पॉलिमर त्यांच्या कणांवर बसवतात. ग्राहकाला हवा असलेला हा गुण सांडपाण्यात डोकेदुखी होतो. पॉली टाकीत पडते तेव्हा जागा आधीच गेलेली असते.

“अशा पाण्यात मी पॉली दुप्पट करून पाहिली आहे, उपयोग होत नाही,” केमिस्ट सांगते. “आधी ॲलम किंवा फेरस देऊन नवीन पृष्ठभाग तयार करावा लागतो. हायड्रॉक्साइडची ताजी कणी पडते, ती रंगाचे कण, खळ, सगळं स्वतःत गुंतवते. त्या ताज्या पृष्ठभागावर पॉली बसते.”

“म्हणजे तू साखळीला नवी जागा बांधून दिलीस,” प्राध्यापक म्हणतात. “वहिवाटदाराला हलवण्यापेक्षा ते स्वस्त, हे ऊर्जेचा हिशेबही सांगतो.”

पाणी निवळण्याची ही दोन पायऱ्यांची रीत आपल्याकडे नवीन नाही. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घरी आणल्यावर त्यात तुरटी फिरवतात, ती भार उतरवते. तुरटी हे ॲलमचेच घरगुती रूप. दुसरीकडे निवळीच्या बिया. माठाच्या आतल्या बाजूला बी घासून पाणी भरले की गाळ तळाशी बसतो. निवळीचे संस्कृत नाव कतक, आणि पाणी स्वच्छ करणाऱ्या वस्तूंत सुश्रुतसंहितेने तिचा उल्लेख केला आहे. बीमधली लांब शर्करा-साखळी कणांना एकत्र धरते, म्हणजे पॉलीचे काम करते. मराठीत ‘निवळणे’ हे क्रियापद आणि ‘निवळी’ हे झाड एकमेकांना इतके लागून उभे आहेत, हे ईटीपीच्या प्रशिक्षणात एकदा तरी सांगावे.

वारली भिंतीकडे परत यायला हवे, कारण तिथे दोन्ही बाजूंची गरज पडते. भिंतीवरच्या मातीत चिकणमाती आणि लोहाची संयुगे आहेत, शेणात तंतू आहेत. ओल्या पिठातला डिंक प्रथम पिठाच्या कणांवर बसतो आणि त्यांना वेगळे ठेवतो, म्हणून रेघ काडीच्या टोकातून सारखी उतरते. रेघ वाळत जाते तसे पाणी कमी होते, कण जवळ येतात आणि त्याच साखळ्या आता पीठ आणि माती यांच्यामध्ये पूल बांधतात. ओले असताना दूर ठेवणारा डिंक वाळल्यावर धरणारा होतो. वाळल्यानंतर समतोलाचा प्रश्नच उरत नाही; साखळ्या जागच्या जागी थिजतात. पाऊस लागला की पाणी परत शिरते, साखळ्या हलू लागतात आणि चित्र ओघळते. याच भिंतींवरून वारली कला कागद-कापडावर आणून जगासमोर नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

दोन्ही बाजू तोलल्या तर निवाडा क्रियेच्या वेळेवर अवलंबून आहे. शाईच्या बाटलीत, रंगाच्या डब्यात, महिनोन्महिने टिकणाऱ्या मिश्रणात साखळ्यांना जागा बदलायला वेळ असतो. तिथे प्राध्यापकांचा हिशेब खरा ठरतो आणि तो न करता रंग बनवणे म्हणजे अंधारात चाचपडणे. पॉलीच्या टाकीत पहिली काही मिनिटे केमिस्टची आहेत. कोणती साखळी घ्यायची हे ऊर्जा सांगेल. किती, कुठे, कोणत्या वेगाने आणि कशानंतर घालायची हे काळ सांगेल. डोस वाढवण्याआधी पात्याचा वेग आणि पॉली पडण्याची जागा तपासावी, कारण बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो.

पॉलीकडून किती अपेक्षा करायची, तेही याच शास्त्रातून ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण होते, देशात सर्वाधिक. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. जार टेस्टच्या तिसऱ्या बीकरमधले आरपार दिसणारे पाणी पाहून काम झाले असे वाटते. त्याच पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण, मोजला तर तो बीकर भरला तेव्हा होता जवळपास तेवढाच निघतो. साखळी फक्त पृष्ठभागाला धरते. विरघळलेल्या मिठाला पृष्ठभाग नसतो, त्यामुळे ते पॉलीच्या टाकीतून जसेच्या तसे पुढे नवापूरच्या समुद्राकडे जाते.